मार्च एंडिंगला कॉम्प्युटर बदलताय? आधी जुने मेल कुठे आहेत ते बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च जवळ आला की तुमच्या पेपरात कॉम्प्युटरवाल्यांच्या जाहिराती वाढतात, जुना द्या नवा घ्या वगैरे, आणि यंदा तर जरा जास्तच दिसतायत, कारण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद केला आणि साधारण २०१८ च्या आधीच्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढतच नाही. त्यात सीए सांगतात की ३१ मार्चच्या आत बिल करून मशीन वापरात आणा म्हणजे ह्या वर्षात घसारा धरता येईल. त्यामुळे वकील, सोसायट्या, क्लासवाले, पॅकहाऊस, छोटे कारखानदार असे सगळे एकाच महिन्यात मशीन बदलायला काढतात. माझं सिडकोत सर्व्हिसचं छोटं दुकान आहे, हेच काम मी बरीच वर्षं करतोय, आणि तुमच्या वाचकांना मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जुने मेल नक्की कुठे साठलेत हे कळल्याशिवाय जुना कॉम्प्युटर हातातून सोडू नका, आणि नव्या मशीनवर जुन्यात जुनं मेल अटॅचमेंटसकट उघडून बघितल्याशिवाय जुन्यावर कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नका.

दुकानात काय होतं ते सांगतो. नवीन मशीन येतं, दुकानातला मुलगा विचारतो डेटा घेतला का, ऑफिसमधले म्हणतात हो घेतला. हा घेतलेला डेटा म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि टॅलीचा फोल्डर. मेलचं कोणाच्या डोक्यात येत नाही कारण प्रत्येकाला वाटतं मेल तर इंटरनेटवरच असतात, ते कुठे जाणारेत. ब्राउझरमध्ये जीमेल उघडून वापरणाऱ्यांचं हे खरं आहे, त्यांना नवीन मशीनवर पासवर्ड टाकला की सगळं समोर. पण आपल्याकडे छोट्या ऑफिसांमधून अजून आउटलुक किंवा थंडरबर्ड हे मेलचे प्रोग्रॅम चालतात, कंपनीच्या नावाचं डोमेन असतं, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे कंपनीचं नाव, त्याच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, मेलबॉक्सला जागा अगदी थोडी मिळालेली असते, आणि म्हणून ज्याने कोणी पहिल्यांदा सेटिंग केलं त्याने पीओपी लावून दिलेलं असतं.

पीओपी म्हणजे पोस्टमनने पत्र घरात टाकून जाणं. पोस्टात त्याची नक्कल राहत नाही. सर्व्हरवर कॉपी ठेवा असा एक चौकोन असतो खरा, पण आउटलुकच्या २०१० नंतरच्या व्हर्जनमध्ये त्याच्याच खाली १४ दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका हा चौकोन आधीपासून टिक केलेला येतो, आणि तो कोणी वाचत नाही. म्हणजे दोन आठवड्यांपेक्षा जुनं प्रत्येक मेल जगात फक्त एकाच ठिकाणी असतं, टेबलाखालच्या त्या धुळीने भरलेल्या सीपीयूत. आयमॅपचं उलट आहे, तिथे मूळ मेल सर्व्हरवर राहतं आणि तुमच्या मशीनवर त्याची प्रत येते, म्हणून आयमॅपवाल्यांचं बहुतेक काम नवीन मशीनवर अकाउंट टाकलं की होऊन जातं. बहुतेक म्हणतोय, सगळं नाही, ते पुढे सांगतो.

आपलं काय आहे हे बघायला इंजिनिअर लागत नाही. जुनं म्हणजे क्लासिक आउटलुक असेल तर फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज उघडा, तिथे अकाउंटच्या नावापुढे पीओपी की आयमॅप ते लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या डेटा फाइल्स टॅबवर गेलात की प्रत्येक फाइल कुठे पडलीय त्याचा पूर्ण पत्ता दिसतो. ह्या दुसऱ्या टॅबचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मशीन बदलायच्या कामात त्या फोटोइतकं उपयोगी काही नाही. तिथे दिसणाऱ्या पीएसटी नावाच्या फाइलमध्ये मेल, काँटॅक्ट, कॅलेंडर सगळं असतं. २०१० पासूनच्या क्लासिक आउटलुकमध्ये ती डॉक्युमेंट्सच्या आत आउटलुक फाइल्स ह्या फोल्डरमध्ये सापडते, २००७ आणि त्याआधीच्यात मात्र ती ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात असते, आणि २००७ पासून तेच अकाउंट पुढे ओढत आणलेलं असेल तर आजही ती तिथेच असते. डॉक्युमेंट्स कॉपी केलं म्हणजे मेल आले असं म्हणणाऱ्यांची इथे फसगत होते.

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष एक्स्पोर्टरचं सांगतो, नाव गाव काही लिहीत नाही. त्यांचा सीझन जानेवारी ते एप्रिल, म्हणजे नेमका मार्च एंडिंगच्या तोंडावर, कंटेनर निघतायत, हॉलंडच्या बायरची मेल येतायत, रेसिड्यू रिपोर्ट, फायटो म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचं सर्टिफिकेट, बिल ऑफ लेडिंग सगळं मेलवर, आणि अशात त्यांनी मशीन बदललं. दुकानातल्या मुलाने पेनड्राइव्ह लावला, सगळं सिलेक्ट करून कॉपी टाकलं. त्यांची पीएसटी होती ११ जीबीच्या आसपास. पेनड्राइव्ह बाजारात मिळतो तो बऱ्याचदा फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. स्क्रीनवर मेसेज आला की फाइल टू लार्ज, मुलाने स्किप दाबलं, बाकीचं कॉपी होत राहिलं. फोल्डर भरलेला दिसला. नवीन मशीनवर अकाउंट टाकल्यावर शेवटच्या १४ दिवसांची मेल सर्व्हरवरून आली, त्यामुळे दोन दिवस कोणाला संशयही आला नाही, कारण सीझनमध्ये कोण मागचं मेल बघतंय. मग बायरने आधीच्या सीझनच्या एका कंटेनरचा क्लेम उकरून काढला, आणि माल पोचल्यावर त्यानेच पाठवलेलं क्वालिटी ओके असं मेल, बॉक्सच्या फोटोंसकट, ते शोधायला गेले तर मागचं वर्षच गायब.

दुकानदाराने जुनं मशीन अजून पुसलं नव्हतं म्हणून वाचले. मी डिस्क काढून लावली तेव्हा त्या मोठ्या पीएसटीच्या शेजारी अजून एक फाइल सापडली, आर्काइव्ह नावाची. आउटलुकमध्ये ऑटो आर्काइव्ह चालू असेल तर ते ठरावीक काळापेक्षा जुनी मेल मूळ फाइलमधून उचलून ह्या वेगळ्या फाइलमध्ये टाकत राहतं, आणि आउटलुकच्या डाव्या बाजूला खाली आर्काइव्ह म्हणून एक ओळ दिसते जिच्यावर कोणी क्लिक करत नाही. पाच वर्षांचा पत्रव्यवहार त्यात होता. म्हणून म्हणतोय की डेटा फाइल्सच्या टॅबवर जितक्या ओळी दिसतील तितक्या सगळ्या फाइली घ्यायच्या, आणि त्या घेताना आउटलुक पूर्ण बंद पाहिजे, नाहीतर फाइल वापरात आहे म्हणून ती कॉपी होत नाही आणि पुन्हा तेच स्किप. डिस्क किंवा पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावर आधीचं काही असेल तर ते उतरवून घेऊन मगच. नवीन मशीनवर पीएसटी आधी मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवायची आणि मग आउटलुकमधून ओपन आउटलुक डेटा फाइल करून उघडायची. पेनड्राइव्हवरूनच उघडून तशीच वापरत राहणारे लोक आहेत, पेनड्राइव्ह मध्येच निघाला की फाइल खराब होते. नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून वापरू नका असं तर मायक्रोसॉफ्टच सांगतं. फाइल खराब झालीच तर आउटलुकच्याच फोल्डरमध्ये स्कॅनपीएसटी नावाचा दुरुस्तीचा प्रोग्रॅम असतो, तो आधी चालवा, पण मूळ फाइलची कॉपी करून त्या कॉपीवर.

आता आयमॅपवाल्यांचं. आउटलुक २०१३ किंवा त्यानंतरच्यात आयमॅप अकाउंट असेल तर मशीनवर जी फाइल बनते ती ओएसटी, आणि ती उचलून दुसऱ्या मशीनवर नेली तर उघडत नाही, ती त्या मशीनवरच्या त्या अकाउंटशी बांधलेली असते. मेल सर्व्हरवर आहेत म्हणून काळजी नाही. पण आयमॅपमध्ये काँटॅक्ट आणि कॅलेंडर सिंक होत नाहीत, आणि आउटलुक त्या फोल्डरच्या नावापुढे चक्क धिस कॉम्प्युटर ओन्ली असं लिहून ठेवतं. एका वकील मॅडमच्या सगळ्या तारखा अशा कॅलेंडरमध्ये होत्या. जुन्या मशीनवरच एक्स्पोर्ट करून पीएसटी बनवली म्हणून त्या नवीनवर आल्या, मशीन गेल्यावर काही करता आलं नसतं. तेव्हा ही ओळ दिसली की समजायचं इथलं सामान आपल्यालाच उचलून न्यायचंय. मेलच्या खालच्या सह्या पण मशीनवरच असतात, सिग्नेचर्स नावाच्या फोल्डरमध्ये. टू मध्ये दोन अक्षरं टाकली की पूर्ण पत्ता सुचवणारी जी यादी असते ती पण बऱ्याचदा नवीन मशीनवर कोरी येते, आणि लोकांना वाटतं काँटॅक्ट गेले. काँटॅक्ट वेगळे आणि ती यादी वेगळी.

थंडरबर्डवाल्यांचं सोपं आहे आणि मला मनापासून वाटतं की छोट्या ऑफिसांनी ते वापरावं. फुकट आहे, २००४ पासून आहे, आणि सगळं एका प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं, मेल, पत्ते, फिल्टर, पासवर्ड, सगळं. हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडलं की प्रोफाइल फोल्डरपुढे ओपन फोल्डरचं बटण असतं. ते दाबून जागा बघून घ्या, थंडरबर्ड बंद करा, आणि पूर्ण फोल्डर उचला. त्यातले अमुक घेऊ तमुक नको असं करायला जाऊ नका, कारण पासवर्डच दोन फाइलींमध्ये वाटून ठेवलेले असतात आणि एक राहिली की दुसरीचा उपयोग नाही. टूल्समध्ये एक्स्पोर्ट पण दिलंय, त्याची झिप होते, पण ते २ जीबीपर्यंतच चालतं, ऑफिसचे मेल त्यात मावत नाहीत. नवीन मशीनवर थंडरबर्डचं व्हर्जन जुन्याइतकं किंवा त्यापेक्षा नवीन पाहिजे, मागचं घेतलं की ते प्रोफाइल उघडायला नकार देतं.

आणि आउटलुक एक्सप्रेस, जुन्या विंडोजबरोबर यायचा तो मेलचा प्रोग्रॅम. हसू नका, अजून आहेत. घरात वरच्या माळ्यावर विंडोज एक्सपीचं मशीन कापडात गुंडाळून ठेवलेलं असतं, त्यात मुलगा अमेरिकेला गेला तेव्हाची पत्रं असतात. त्या काळात व्हॉट्सॲप नव्हतं, फोन महाग, मग मुलं रविवारी लांबलचक मेल लिहायची, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि बरोबर बर्फातले फोटो. आउटलुक एक्सप्रेस ही मेल डीबीएक्स नावाच्या फाइलींमध्ये ठेवायचं, इनबॉक्सची एक, सेंटची एक, प्रत्येक फोल्डरची वेगळी, आणि आजचं विंडोज किंवा आजचं आउटलुक त्या थेट उघडत नाही. आमच्या भागातल्या एका निवृत्त बाईंकडे असं मशीन होतं, भंगारवाला दारात उभा होता. मशीन चालू होत होतं हे नशीब. तसं असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्या एक्सपीवरच थंडरबर्डचं ५२ नंबरचं व्हर्जन टाकायचं, एक्सपीवर चालणारं ते शेवटचं, सेटअप दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने न्यायचा, तिथल्या तिथे आउटलुक एक्सप्रेसमधून मेल आत घ्यायची, आणि मग तो प्रोफाइल फोल्डर नवीन लॅपटॉपवर आणायचा. बाईंनी त्या दिवशी नातीच्या बारशाचं मेल उघडलं आणि फोटो बघून खालची मेल एक एक करून वाचत बसल्या. मशीन चालूच होत नसेल तरी डिस्क चांगली असू शकते, फक्त मग काम वाढतं, पण भंगारात देऊ नका.

मराठीवाल्यांसाठी अजून एक भानगड आहे जी इंग्रजी वेबसाइटवर कुठे वाचायला मिळत नाही. प्रिंटिंग प्रेस, डीटीपीवाले, छोटी साप्ताहिकं, शाळा, ह्यांच्या जुन्या मेलमध्ये मजकूर श्री-लिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाही. मेल व्यवस्थित आले, फाइल उघडली, आणि समोर इंग्रजी अक्षरांची भेळ. मग ओरड होते की फाइल करप्ट झाली. फाइल ठणठणीत असते, नवीन मशीनवर फॉन्ट नसतो. जुनं मशीन चालू आहे तोवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले हे सगळे फॉन्ट मेलच्या बॅकअपबरोबरच घेऊन ठेवा, आणि जे महत्त्वाचं आहे, घटना दुरुस्ती, ठराव, दिवाळी अंकाचा मजकूर, ते जुन्याच मशीनवर पीडीएफ करून ठेवा, म्हणजे फॉन्ट असो नसो वाचता तरी येईल.

सोसायट्यांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तिथे मला सगळ्यात वाईट वाटतं. कमिटी पाच वर्षांनी बदलते, मेल मात्र सेक्रेटरीच्या घरच्या लॅपटॉपवर असतं. बिल्डरशी झालेला सगळा पत्रव्यवहार, ताबा कधी देणार, पार्किंगचं काय, मानीव अभिहस्तांतरणाची कागदपत्रं, लिफ्टची वॉरंटी, सगळं त्यात. सेक्रेटरी काका चांगल्या मनाने काम करतात, त्यांचा लॅपटॉप बदलला की सोसायटीची स्मृती पुसली जाते. उद्या महारेरात किंवा कोर्टात जायची वेळ आली तर प्रिंटआउटवर भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहायची जागा आहे, म्हणजे मूळ फाइल हातात असावी लागते. मी वकील नाही, कायद्याचं तुमच्या वकिलाला विचारा. पण एवढं माझ्या कामातलं सांगू शकतो की महत्त्वाची मेल स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड करून ठेवली म्हणजे बॅकअप झाला असं समजणारे खूप आहेत आणि ते बरोबर नाही. फॉरवर्ड केलं की ते तुम्ही पाठवलेलं नवीन मेल होतं, मूळ मेल कुठल्या सर्व्हरवरून कधी निघालं ती हेडरमधली माहिती त्यात येत नाही. मूळ मेल आहे तसं फाइल म्हणून सेव्ह करा किंवा पूर्ण मेलबॉक्स ठेवा. व्यापाऱ्यांनी पण हे लक्षात घ्यावं, जीएसटीचे हिशेब आणि कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायला कायद्याने सांगितलंय, आणि हल्ली खरेदीची निम्मीअर्धी बिलं मेलवरच येतात.

म्हणून सोसायटीचं मेल अकाउंट सोसायटीच्या नावाचं असू द्या, पासवर्ड आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर कोणाचा आहे हे मीटिंगच्या इतिवृत्तात लिहा, कमिटी बदलली की नंबर बदला. जीमेल असेल तर गुगल टेकआउट म्हणून सोय आहे, त्यात बाकी सगळ्या टिक काढून फक्त मेल ठेवायचं, तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी डाउनलोडची लिंक येते, ती आठवडाभरच चालते. फाइल येते एमबॉक्स नावाची, ती थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्सचं ॲड-ऑन टाकून वाचता येते. वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या आधी, हे करायला काय हरकत आहे. जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती ड्राइव्ह आणि फोटोंबरोबर वाटून घ्यायची असते, ती भरली की नवीन मेल यायचं थांबतं. शिवाय दोन वर्षं कोणी लॉगिनच केलं नाही तर अकाउंट डिलीट करायचा हक्क गुगलने ठेवलाय आणि डिसेंबर २०२३ पासून ते सुरू पण झालंय. जुन्या कमिटीचं पडून असलेलं अकाउंट म्हणजे सुरक्षित अकाउंट नाही.

सगळं नेऊन झालं की तपासायचं कसं, इथे लोक घाई करतात. आउटलुक उघडलं, इनबॉक्स दिसला, झालं, असं नसतं. प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये एकूण किती आयटम आहेत तो आकडा जुन्या आणि नव्या मशीनवर सारखा येतो का बघा. सेंट आयटम्स बघा, तो फोल्डर हमखास राहतो. सगळ्यात जुनं मेल उघडा, त्यातली अटॅचमेंट उघडा. सर्च मात्र पहिल्या दिवशी करून घाबरू नका, नवीन मशीनवर विंडोजला इंडेक्स बनवायला वेळ लागतो, मोठ्या मेलबॉक्सला रात्रभर पण लागू शकतो, तोवर शोधलेलं सापडत नाही पण मेल जागेवर असतं.

आणि पीओपीवाल्यांनी एक काळजी घ्या. जुनं आणि नवीन दोन्ही मशीन चालू ठेवून दोन्हीकडे मेल ओढायला लावू नका. कॉपी ठेवायची टिक नसेल तर जे मशीन आधी ओढेल त्याच्यात मेल जाणार, मग अर्धी इकडे अर्धी तिकडे, आणि ती निस्तरताना जीव जातो. आधी जुन्यावर शेवटचं सेंड रिसीव्ह करा, अकाउंटमधून पीओपी बंद करा, मग फाइल घ्या, मग नव्यावर चालू करा. आणि नव्यावर शक्य असेल तर आयमॅपच लावा. होस्टिंगला जागा कमी पडत असेल तर जागा वाढवून घ्या, वर्षाचा तो खर्च एका हरवलेल्या मेलपेक्षा स्वस्त पडतो. जीमेल आउटलुकमध्ये टाकताना पासवर्ड बरोबर असूनही घेत नाही अशी तक्रार रोज येते, आउटलुकच्या अलीकडच्या व्हर्जनमध्ये गुगलचीच लॉगिन खिडकी उघडते, जुन्या व्हर्जनमध्ये मात्र टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो.

जुनी डिस्क दुकानात देऊच नका. साधा डेस्कटॉप असेल तर चार स्क्रूंचं काम आहे, एक्सचेंजमध्ये डिस्क नसली म्हणून फारसा फरक पडत नाही, बोलून बघा. यूएसबी केसमध्ये टाकली की तीच एक्स्टर्नल डिस्क होते. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून घ्या, नाहीतर बाहेर काढलेली डिस्क कोणालाच वाचता येणार नाही, तुम्हालाही. बॅकअपच्या दोन प्रती असू द्या आणि त्यातली एक दुसऱ्या घरात, भावाकडे, मुलीकडे. सांगली कोल्हापूरच्या लोकांना हे सांगायला नको, २०१९ च्या पुरात मशीन आणि शेजारच्या कपाटातला बॅकअप दोन्ही एकदम पाण्यात गेल्याचं त्यांनी बघितलंय. वनड्राइव्हवर जाईल असं गृहीत धरू नका, तिथे फुकट जागा ५ जीबी आहे.

संपादक साहेब, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. मार्चच्या पुरवणीत मोबाइलचे रिव्ह्यू छापता त्यात एक अर्धं पान ह्या विषयाला द्या, मराठीत, चित्रांसकट, कुठे क्लिक करायचं ते दाखवून. आणि ज्या दुकानांच्या एक्सचेंजच्या जाहिराती तुम्ही घेता त्यांना विचारा की जुनं मशीन घेतल्यावर निदान १५ दिवस फॉरमॅट न करता ठेवू अशी एक ओळ बिलावर छापाल का. दुकानदारांना ह्यात एक रुपयाचा खर्च नाही, कोपऱ्यात जागा लागते तेवढीच. १५ दिवस एवढ्यासाठी की पीओपीचे ते १४ दिवस उलटले की मगच कळतं काय आलं आणि काय राहिलं. घाई करायचं कारण घरगुती ग्राहकांना तरी नाही, विंडोज १० वर जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणार आहेत.

ज्यांनी ह्याच आठवड्यात जुनं मशीन देऊन टाकलंय त्यांनी हे वाचल्यावर लगेच दुकानात फोन करून विचारा, डिस्क अजून तशीच असेल तर परत मागा. फॉरमॅट मारला असेल तरी साधी हार्ड डिस्क असेल आणि त्यावर नवीन विंडोज टाकलं नसेल तर बराच डेटा निघू शकतो, फक्त ते मशीन पुन्हा चालू करू नका म्हणावं. एसएसडी असेल तर आशा कमी, तरी विचारा.

आपला,
एक नियमित वाचक, सिडको, नाशिक